असईचे शिपाई आणि ओतीव कामाची परीक्षा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे आणि ते ऐकून माझ्या घरच्यांचेही कान किटले आहेत. आज मी आपल्यापुढे एक खेळणे घेऊन आलो आहे. पुढच्या रांगेतल्या मंडळींना ते दिसेल. मागच्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, कारण त्याची उंची जेमतेम सव्वा इंच आहे. डोक्याला पागोटे, कमरेला शेला आणि हातात तोफ साफ करण्याचा लांब गज घेतलेला हा गोलंदाज आहे. हा शिंद्यांच्या फौजेतला, म्हणजे एका अर्थी आपल्याच जिल्ह्यात लढलेला; पण त्याचा जन्म झाला विलायतेतल्या एका लहानशा कारखान्यात.

त्याची हकीकत अशी. माझ्या परिचयाच्या एका तरुणाला लढायांचा नाद आहे. टेबलावर नदी, गाव, टेकाड मांडायचे, दोन्हीकडे धातूचे शिपाई उभे करायचे आणि फाशांच्या व मोजपट्टीच्या नियमांनी लढाई पुन्हा लढायची, असा हा खेळ आहे. हसू नका. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा नकाशावरचा खेळ चालत असे, आणि एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारे एक अख्खे पुस्तक लिहिले. आमच्या या तरुणाने मांडायला घेतली आहे ती असईची लढाई. भोकरदन तालुक्यातले आपले असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेची गाठ पडली. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने फौज पलीकडे नेली. संध्याकाळपर्यंत त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले होते आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या होत्या. आपल्यातले किती जण असईला जाऊन आले आहेत, हे मी विचारत नाही. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर गेलो.

तर या तरुणाने शिपायांची पेटी उघडली आणि तो हिरमुसला. कोणाच्या कानाजवळ पापुद्रा, कोणाच्या भाल्याला टोकच नाही, कोणाच्या पाठीवर खड्डा. तो माझ्याकडे आला तो एवढ्याचसाठी, की मी ऐन उमेदीची आठ वर्षे फौंड्रीत काढली आहेत, त्यांतली तीन फेटलिंगवर, म्हणजे ओतून आलेल्या मालाचे नको असलेले अंग कापणे आणि घासणे या कामावर. चष्मा लावून मी एकेक शिपाई उलटसुलट केला, आणि मला जुने सोबती भेटल्यासारखे वाटले. आमच्या दोन मणांच्या कास्टिंगला जे रोग होत, तेच या दीड-दोन तोळ्यांच्या माणसाला झाले होते.

हे शिपाई ओततात कसे, ते थोडक्यात सांगतो. भाजून कडक केलेल्या रबराच्या दोन जाड चकत्या म्हणजे साचा. मध्ये रस ओतण्याचे तोंड, तेथून चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा काढलेल्या आणि कडेने शिपायांचे पोकळ ठसे. साचा मिटून यंत्रावर गरगर फिरवतात आणि मधल्या तोंडात रस ओतला की फिरण्याच्या जोराने तो कडेकडे धावतो. हा रस म्हणजे मुख्यतः कथील. जुन्या मालात शिसेही भरपूर. आपल्याकडे कल्हई लावणारे जे कथील वापरतात, तेच हे. कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ वर. पण दोन्ही बेताच्या प्रमाणात मिसळली तर मिश्रण १८३ अंशांवरच पातळ होते. आपल्या जालन्याच्या पोलाद भट्ट्या सोळाशे अंशांच्या गोष्टी करतात, त्यांच्यापुढे हे म्हणजे चुलीवरचे काम. त्यात थोडे अँटिमनी घातले की धातू कठीण होतो आणि नाकडोळे रेखीव उठतात. छापखान्यातले खिळे याच त्रिकुटाचे असत. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागराची कीर्ती झाली ती त्या खिळ्यांच्या रेखीवपणामुळे. तेव्हा बारीक, नेमके ओतकाम हे आपल्या लोकांना परके नव्हे.

आता दोष पाहू. साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात रस शिरला की पातळ पापुद्रा येतो. साचा जुना झाला, किंवा पुरेसा दाबून धरला नाही, की तो वाढतो. दोन चकत्या एकमेकींवर नीट बसल्या नाहीत तर शिपायाच्या अंगावर पायरी पडते, पुढचे अर्धे नाक डावीकडे आणि मागचे अर्धे डोके उजवीकडे. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तलवारीच्या टोकाशी ती अडकून बसते आणि टोक येतच नाही. रस थंड असेल तरीही टोक येत नाही. पण मग अंगावर सुरकुत्या दिसतात, कारण रसाचे दोन ओघ भेटतात तेव्हा ते अर्धे गोठलेले असतात. रस फार तापला तर जाड भागात, बहुधा घोड्याच्या पोटात, थंड होताना धातू आकसून खळगा पडतो. अँडरसनने १८३८ मध्ये लिहिलेली एका पायाच्या कथलाच्या शिपायाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. एका जुन्या चमच्यातून पंचवीस भाऊ ओतले आणि शेवटच्याच्या वेळी कथील संपले. लोक ती प्रेमाची गोष्ट म्हणून वाचतात. मी प्रथम वाचली तेव्हा मनात आले, ओतण्यापूर्वी वजन केले नाही, दुसरे काय!

वजन करण्याची अक्कल आपल्या प्रदेशात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मेणाच्या साच्याने मूर्ती कशी ओतावी हे सांगितले आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला नळ्या जोडायच्या आणि माती लावण्याआधी मेण तोलायचे. मग तांब्या-पितळेला त्याच्या आठ ते दहा पट, चांदीला बारा पट, सोन्याला सोळा पट धातू घ्यायचा. जळक्या कोंड्याची पूड, बारीक चिरलेला कापूस आणि थोडे मीठ मिसळून वाटलेली माती तीनदा लावायची, पहिला हात अगदी पातळ, आणि सावलीत वाळवायची. हा पहिला पातळ हातच मूर्तीच्या चेहऱ्याची कातडी होतो. तो घाईत दिला की चेहरा गेला. कोणा राजाने स्वतः माती मळली असेल असे मी मानत नाही. कोणा ओताऱ्याने राजाच्या पंडिताला सांगितले, पंडिताने श्लोक केला. ओताऱ्याचे नाव ग्रंथात नाही.

आपल्या देवघरातला घोड्यावरचा खंडोबा किंवा ओतीव वीर पाहा. घोड्याचे चार पाय काडीसारखे आणि खाली बैठक. नवशिक्याला वाटते, बैठक उभे राहण्यासाठी. तशी ती आहेच; पण रस चारही पायांत एकदम पोचवायलाही तिचा उपयोग होतो. ही मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावा लागतो, म्हणून तिच्यासारखी दुसरी निघत नाही. तिचे दोष हीच तिची ओळख. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून आणल्या. ज्यांनी रोज हाताने स्नान घातले, त्यांना आपली मूर्ती पटवायला कागद लागत नाही. मात्र हाच हात मूर्ती झिजवतोही. चिंच आणि राख यांनी चार पिढ्या घासलेल्या आमच्या घरच्या वीराला आज नाक नाही, डोळे नाहीत. माझ्या आजीने ते नाक घासून घालवले, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

साफसफाईकडे येतो. तरुणाला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की, सगळे शिपाई आधी एका रांगेत मांड, कानस नंतर. पापुद्रा धारदार चाकूने खरवडून काढावा, सांध्याची रेघ बारीक कानशीने, एकाच दिशेने, अंगाच्या वळणाबरोबर घासावी. मागेपुढे करवतीसारखे घासले की मऊ धातू कानशीच्या दातांत भरतो आणि मग कानस ओरखडे काढते. कपड्याची चुणी कोठे आणि रेघ कोठे, हे उजेडात तिरके धरून पाहावे. खड्डा भरता येतो, जास्तीचे घासलेले परत आणता येत नाही. आणि शिसे असेल तर कोरडे घासू नये, घासताना विडी-तंबाखू-खाणे बंद, नंतर साबणाने हात धुवावेत आणि भुकटी घरात झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. शिसे ओळखायचे तर कागदावर ओढावे, करडी रेघ उमटते. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर चरचर असा आवाज येतो. फेटलिंगवर आम्हांला तोंडावर बांधायला धड फडकेही मिळत नसे. त्या धुळीत माझ्याबरोबर काम केलेले दोघे पन्नाशी गाठू शकले नाहीत. त्यांची धूळ वाळूची होती, शिशाची नव्हे; फुप्फुसाला फरक पडत नाही.

आता रांगेत का मांडायचे, ते सांगतो. आजचा माझा खरा विषय तोच आहे. मी ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव घेत नाही, तेथे ओतणाऱ्यांना नगावर मजुरी होती, आणि बाद झालेल्या नगाची मजुरी तर नाहीच, वर धातूची किंमतही कापत. एका महिन्यात आठ जणांच्या हातात निम्मा पगार पडला. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्याने असे ठरवले होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे, की नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला आपले म्हणणे मांडू दिल्यावर. पण म्हणणे मांडायचे कसे? मुकादम बोट दाखवून म्हणे, हे बघ भोक, तूच ओतलेस. मी रात्री भंगाराच्या ढिगातून त्या महिन्याचे बाद ब्रॅकेट उचलले, चाळीस नग, आणि ओट्यावर एका रांगेत, एकाच बाजूने मांडले. एकतीस नगांना भोक एकाच जागी होते, डाव्या कानाच्या बुडाशी. उरलेल्या नऊंचे दोष वेगवेगळ्या जागी. ओतणारे आठ, पाळ्या दोन, आणि भोक मात्र एकच जागा धरून बसलेले! ते ओतणाऱ्याचे कसे असेल? ते पॅटर्नचे, तेथे हवेला वाटच ठेवलेली नव्हती.

सकाळी मालकाला ओट्यावर आणले. माणूस तापट होता, पण धंद्यातला होता. पाच मिनिटे काही बोलला नाही. एकतिसांची कपात परत मिळाली आणि पॅटर्न दुरुस्तीला गेला. नऊंसाठीही मी भांडलो, आणि तेथे माझे चुकले. त्यांतले निदान सहा आमचेच होते. ओतताना धार तुटली होती, अंगावरच्या सुरकुत्या स्पष्ट सांगत होत्या. मला त्या दिसत होत्या, तरी मी नाही म्हणालो, आणि मालकाने माझ्याकडे असे पाहिले की पुढे दोन वर्षे माझ्या खऱ्या गोष्टीही त्याने तपासून घेतल्या. धार का तुटली, हे विचारले असते तर बाजू खरी होती; ते लोक सलग दुसरी पाळी करत होते. मी ते विचारलेच नाही.

त्या तरुणाच्या पेटीतही तसेच निघाले. चोवीस गोलंदाजांपैकी सतरांच्या गजाचे टोक एकाच जागी तुटके. साचा बाद झालेला होता. त्याने सतरा जणांचा फोटो काढून पाठवला आणि महिन्याभरात सतरा नवे शिपाई आले, रेखीव.

तोफांबद्दल एक गोष्ट सांगून बसतो. खेळण्याच्या नाकावरचे भोक दिसते; तोफेच्या नळीतले भोक दिसत नाही, आणि जवळ उभे असलेल्यांचा जीव घेते. म्हणून काशाची तोफ उभी ओतत, बूड खाली, आणि तोंडावर जादा धातूचा उंच गठ्ठा ठेवत. फुगे आणि घाण त्या गठ्ठ्यात चढते, मग तो कापून टाकायचा. शिंद्यांच्या कारखान्यांत हे उत्तम जमले होते. असईच्या बाराच दिवस आधी, दिल्लीच्या लढाईत इंग्रजांनी ज्या तोफा पकडल्या, त्यांतल्या काही मथुरेत तर काही उज्जैनला ओतल्याचे त्यांवर कोरलेले होते, आणि काहींत आत लोखंडी नळी घालून वरून धातू ओतला होता, म्हणजे नळी लवकर झिजू नये. पकडणाऱ्यांनीच हे नोंदवून ठेवले आहे. असईच्या तोफांचीही वेलस्लीने वाखाणणीच केली.

आणि त्या तोफांवरची माणसे! इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा पुष्कळ गोलंदाज मेल्याचे सोंग करून चाकांखाली पडून राहिले, आणि मग उठून त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला परत फिरून त्या दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तरुणाने टेबलावर असई मांडली, तेव्हा हे कसे दाखवायचे असा त्याला प्रश्न पडला, कारण विकत मिळणारे गोलंदाज सगळे उभे. मी म्हटले, ते सतरा तुटके आहेत ना, त्यांना आडवे कर. त्याने त्यांच्या बैठका कापल्या, कडा घासल्या आणि त्यांना चाकांखाली निजवले. हा माझ्या हातातला त्यांतलाच एक. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. फक्त गज धरून उचलू नका, तो वाकतो.