चांगल्या भेवाची पुस्तकं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रहस्य, थरार आणि भय यांतलं काय वाचावं, काय पाहावं ते सांगा, असा सांस्कृतिक समितीचा हुकूम आहे. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करत होते तेव्हा मुलं हेच मागायची, "बाई, भेव लागणारं पुस्तक द्या ना!" तर आज यादीच देते.

पहिलं नाव बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं इथल्या आजोबांसमोर घेऊन बघा, डोळे कसे चमकतात! भाषा आता जुनी वाटेल, पण ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला इथूनच सुरू करू द्या.

भुताखेतांसाठी नारायण धारप. त्यांच्या 'समर्थ'च्या कथा आधी घ्या. त्यानंतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. त्यांतलं भय स्मशानातून येत नाही, साध्या घरातून आणि माणसाच्या मनातून येतं. म्हणून ते जास्त दिवस टिकतं.

सिनेमात सगळ्या घरानं मिळून पाहावा असा राजा परांजपे यांचा 'पाठलाग', 1964 चा. याच्यावरूनच पुढे हिंदीत 'मेरा साया' आला. दुसरा 'हा खेळ सावल्यांचा', 1976 चा. शेवट मात्र कोणी कोणाला सांगायचा नाही! 2018 चा 'तुंबाड' फक्त मोठ्यांनी पाहावा. त्याचं बीज धारपांच्या एका कथेत आहे, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती कथा मित्राच्या तोंडून ऐकली ती आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात, 1993 साली.

जंगलाचं नाव निघालंच, तर मुद्द्याचं बोलते. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्यांना वाघाची गोष्ट ही नुसती गोष्ट नसते. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला जे भेव लागते, ते पुस्तक मिटलं की संपत नाही. आणि तिकडे हल्ल्याचे व्हिडिओ 'थरारक!' असं लिहून ग्रुपवर फिरतात. त्या व्हिडिओत कोणाची तरी आई असते, एवढं बोट दाबायच्या आधी आठवावं.

म्हणून माझ्या यादीत जिम कॉर्बेट आहे. शेकडो माणसं मारणारी चंपावतची वाघीण त्यानं 1907 साली मारली, पण तिथं तो थांबला नाही. तिचे दात जुन्या गोळीनं तुटले होते, नेहमीची शिकार तिला जमत नव्हती, हे त्यानं शोधून लिहिलं. खरा रहस्यभेद हा! व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' वाचा. नागझिऱ्यातल्या वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई आहे, कोणत्याही थरारकथेइतकी जीवघेणी. आणि 2021 चा 'शेरनी' पाहा. 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण करून देणारा आहे. वाघीण कुठे आहे यापेक्षा माणसं काय करतील, याचंच त्यात जास्त भेव वाटते.

भेव दोन तऱ्हेचं. एक नुसतं दचकवते आणि सोडून देते. दुसरं 'हे असं का झालं?' असं विचारायला लावते. मुलांच्या हाती दुसरं द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

एक विनंती. पोट्टे रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन एकेकटे भितात. त्यापेक्षा संस्थेच्या कार्यालयातल्या कपाटाचा एक कप्पा या पुस्तकांना द्या. महिन्यातून एका शनिवारी गच्चीवर सतरंजी टाकू, दिवे घालवू आणि एक कथा मोठ्यानं वाचू. पहिलं वाचन माझ्याकडे. खाली उतरताना जिन्यातला दिवा कोणी लावायचा, ते तेव्हा बघू!

पंचवीस वर्षं एका जिन्यानं चढलो-उतरलो. आता थोडं एकत्र भिऊनही बघू.