अन्नाशीं वैर

घरांतील सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोन महिन्यांत अर्ध्या पोळीवर येते. आज संकष्टी आहे, उद्यां पोट बरें नाहीं, परवां मैत्रिणीकडे खाऊन आलें, अशीं कारणें ती सांगते. आई प्रथम कौतुक करते, मग रागावते, आणि शेवटीं ‘फार हट्टी झाली आहे’ असें म्हणून गप्प बसते. या ‘हट्टी’ शब्दापाशींच चूक होते. उपासाला पारणें असतें. या उपासाला तें नाहीं. हा रोग आहे, आणि मनाच्या रोगांत अत्यंत प्राणघातक अशा रोगांमध्यें त्याची गणना होते.

रोग नवा नाहीं. लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन यानें १६८९ सालीं क्षयावरील आपल्या ग्रंथांत अशा एका मुलीची हकीकत दिली आहे. अठराव्या वर्षीं तिला दुखणें लागलें. ताप नाहीं, खोकला नाहीं, तरी ती हाडांचा सांपळा झाली; तशाही स्थितींत तिचें वाचन चालूच होतें. औषधाला कंटाळून तिनें तें सोडलें व ती वारली. पुढें १८७३ सालीं लंडनमध्यें विल्यम गल व पॅरिसमध्यें शार्ल लासेग यांनीं या विकाराचें स्वतंत्रपणें वर्णन केलें. गल यांनीं दिलेलें ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हें नांव रूढ झालें. नांवाचा अर्थ क्षुधानाश असा होतो, व तो फसवा आहे. भूक मेलेली नसते, ती दाबलेली असते. आरशांत काडीसारखा देह दिसत असतांही मुलीला आपण लठ्ठ आहों असेंच वाटतें.

उपासमार स्वतःच मनाला कशी पछाडते, तें मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं दिसून आलें. अॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. हे धडधाकट पुरुष दिवसरात्र अन्नाचाच विचार करूं लागले, पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले, ताटें चाटूं लागले, उदास व चिडखोर झाले. उपाशी मेंदूला उपदेश पचत नाहीं. आधीं अन्न, मग समजावणी, हा क्रम त्यामुळेंच पडला.

दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. जेराल्ड रसेल यांनीं १९७९ सालीं ३० रुग्णांच्या अभ्यासावरून त्याला ‘बुलिमिया नर्व्होसा’ म्हटलें. येथें रोगी चोरून, भराभर, पोट फुटेपर्यंत खातो, आणि मग घशांत बोटें घालून ओकतो किंवा रेचकें घेतो. वजन बहुधा नेहमींसारखेंच असल्यानें कोणाला संशय येत नाहीं. ‘पित्त झालें’ एवढ्यावर भागतें. बोटांच्या सांध्यांवर दांतांचे घट्टे पडतात, दांतांचें कवच झिजतें, रक्तांतील पोटॅशियम घटून हृदयाचा ठेका चुकूं शकतो.

कांहीं जण तसेंच खातात, पण ओकत नाहींत. त्यांना घरांत ‘खादाड’ म्हणतात. एकांतांतील त्यांची लाज मात्र कोणी पाहत नाहीं. अल्बर्ट स्टंकर्ड यांनीं १९५९ सालींच हें वर्णिलें होतें. अमेरिकन मनोवैद्यांच्या रोगसूचींत त्याला स्वतंत्र स्थान मिळण्यास २०१३ साल उजाडलें. माती, खडू, राख खाण्याची ओढ हा आणखी निराळा विकार. तेथें रक्तांतील लोह तपासून घ्यावें. आणि हे रोग मुलींचेच, ही समजूतही खरी नव्हे.

उपचाराच्या इतिहासांत एक विलक्षण उलथापालथ झाली आहे. अशा रोग्याच्या शुश्रूषेला नातेवाईक सर्वांत नालायक, असें गल यांचें मत होतें, आणि मुलीला घरापासून दूर नेणें ही रीत दीर्घकाळ चालली. शंभर वर्षांनंतर लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयांतील वैद्यांनीं आईबापांना परत बोलाविलें. १९८७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, अठराव्या वर्षापर्यंत रोग जडलेल्या व तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या रुग्णांना कुटुंबासहित केलेल्या उपचाराचा अधिक गुण आलेला दिसला. मात्र फार खंगलेल्या देहाला एकदम पोटभर घालणें घातक असतें. रक्तांतील फॉस्फेट झपाट्यानें उतरून हृदय बंद पडूं शकतें. म्हणून पहिले घांस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. त्यानंतर आई आणि वडील दोघेही प्रत्येक जेवणाला तिच्या शेजारीं बसतात. रागावणें नाहीं, विनवणी नाहीं. ताट संपेपर्यंत उठणेंही नाहीं. कधीं त्याला दोन तास लागतात.