जंगलाचे मालक की विश्वस्त?



एखादी संपत्ती शासनाकडे आली म्हणजे ती समाजाची झाली, असे समाजवादी विचारातही पुष्कळदा गृहीत धरले जाते. भारतातील वनखात्याचा इतिहास हे गृहीत पुन्हा तपासावयास लावतो.

ब्रिटिशांनी १८६४ साली हे खाते स्थापिले, ते मुख्यतः रेल्वेसाठी लागणाऱ्या लाकडाचा पुरवठा निर्वेध राहावा म्हणून. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांतील गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बहुतांशी सरकारी सवलत ठरली. हक्क मागता येतो. सवलत केव्हाही काढून घेता येते. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वननीतीनेही राष्ट्रहिताच्या नावाने गावाची गरज दुय्यमच मानली. कागद गिरण्यांना बांबूचे ठेके मिळाले; टोपल्या विणणाऱ्याच्या वाट्याला मात्र रखवालदाराची मर्जी आली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय मान्य केला. बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावर वननिवासींची मालकी व विक्रीचा हक्क स्वीकारला. त्याअन्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकण्याची वेळ येताच वाहतूक परवाना अडला. १९२७ च्या वन कायद्यानुसार बांबू हा वृक्ष आहे, असे खात्याचे म्हणणे होते. वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते, त्याला वृक्ष ठरवून मालकी राखली गेली! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील बोध स्पष्ट आहे. विक्रीचा अधिकार नसलेली मालकी ही मालकी नव्हे. ती केवळ राखणदारी होय. गावकरी जंगल ओरबाडतील ही भीती सर्वस्वी निराधार नाही. पण ज्याला उद्याच्या उत्पन्नाची शाश्वती आहे, त्यालाच आज कुऱ्हाड आवरणे परवडते. ती शाश्वती नाकारून संयमाची अपेक्षा करणे हा अन्यायच आहे.

वनखाते नको, असा याचा अर्थ नाही. वणवे, रोपवाटिका, वन्यजीवांचे रक्षण यांसाठी त्याचे ज्ञान हवेच. मात्र त्याने ग्रामसभेचा सल्लागार व्हावे, धनी नव्हे. जमीनदाराच्या जागी खाते बसविणे हे समाजवादाचे उद्दिष्ट कधीच नव्हते.