भाड्याने फिरलेली गाडी घरी आणावी का?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासदांच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. माझा विषय पार्किंगमधला आहे. सोसायटी झाली तेव्हा खाली दोन चारचाकी आणि बाकी सगळ्या स्कूटर होत्या. आज पार्किंगच्या जागेवरून वार्षिक सभेत आवाज चढतात. गेल्या वर्षभरात चार घरांतून मला एकच प्रश्न आला, "काका, टुरिस्टला लावलेली गाडी दीड लाखाने स्वस्त मिळतेय. घ्यावी का?"

हा हिशोब मला स्वतःलाच करावा लागला होता. आमच्या हिला दर महिन्याला उपचारांसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. जायचे १३० किलोमीटर, तेवढेच यायचे, मध्ये आंबा घाट. उपचार घेतल्यावर एसटीतून घाटाची वळणं तिला सोसत नव्हती. दर खेपेला गाडी भाड्याने करणं परवडत नव्हतं. नव्या गाडीसाठी निवृत्तीची पुंजी मोडावी लागली असती आणि ती पुंजी तर औषधांसाठी ठेवलेली. म्हणून जुनी गाडी, आणि जुन्यातही स्वस्त म्हणून भाड्याची.

आधी एक फरक लक्षात घ्या. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती ड्रायव्हरसह भाड्याने जाणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः चालवायला न्यायची गाडी. गोव्यात अशा गाड्या पावलोपावली दिसतात आणि तिथून त्या आपल्याकडे विकायलाही येतात. दोन्हींना आपण 'भाड्याची' म्हणतो, पण त्यांचं आयुष्य वेगळं. टॅक्सी बहुधा एकाच माणसाच्या हातात असते. त्याचं पोट तिच्यावर, त्यामुळे बारीक आवाज आला तरी तो गॅरेज गाठतो. काळ्या पाटीच्या गाडीला दर तीन दिवसांनी नवा हात. कुणी घाटात अर्धा क्लच दाबून ठेवतो, कुणी पुळणीत घालतो. खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी खालून पत्रा खात जाते.

आता किलोमीटर. मीटरवर १,४०,००० पाहिले की आपण दचकतो. पण प्रश्न असा विचारा, मी वर्षाला किती चालवणार? माझ्या कोल्हापूरच्या खेपा आणि गावातलं फिरणं धरून ६,००० होतात. नीट सांभाळलेलं इंजिन अडीच लाखांपर्यंत चालेल असं धरलं, तर माझ्यासाठी तिच्यात जवळजवळ १८ वर्षं शिल्लक आहेत. तेवढी माझ्यात आहेत का, हा वेगळा प्रश्न! तीच गाडी औषध कंपनीच्या प्रतिनिधीने घेतली आणि वर्षाला २५,००० चालवली, तर साडेचार वर्षांत संपेल. म्हणजे जो कमी चालवतो त्याला जास्त फिरलेली गाडी परवडते आणि जो खूप चालवतो त्याला नाही. आपण नेमकं उलट समजतो.

उलट बाजूही पाहा. चाकरमान्यांची गावात ठेवलेली गाडी गणपतीत आणि शिमग्यात बाहेर निघते. मीटरवर २५,०००, एकच मालक, ऐकायला छान. पण आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उभी गाडीही झिजते. बॅटरी बसते, रबर कडक होतं, ब्रेक धरतात, वायरी उंदीर खातात. गंज मीटर बघून चढत नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच, गाडी कोणाची होती यापेक्षा तिचा इतिहास लेखी मिळतो का, हे महत्त्वाचं.

तो कसा तपासायचा? गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी निघतात. तीन वर्षांपूर्वी १,१०,००० ची नोंद आणि आज मीटरवर ७०,००० असतील, तर मीटर मागे फिरवला आहे. पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज खोटं बोलत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. सीएनजी असेल तर सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागा. टॅक्सीला ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो. तो नुसता तोडलाय की गाडी खासगी झाल्यावर रीतसर काढलाय, तेही विचारा.

एक तपासणी आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का बघा. गालिचा उचला, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज पाहा, काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास लपत नाही.

आता कागद, कारण खरा धोका तिथे आहे. टॅक्सी घरच्या वापरासाठी घेताना आधी परमिट सरेंडर, राहिलेला कर आणि ई-चलनं भरणं, मग आरटीओकडून खासगी वर्गात रूपांतर आणि पांढरी पाटी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म. नाव बदलायला २९ आणि ३०. गोव्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा एमएच ०८ नंबर. टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. फिटनेस संपलेली गाडी कायद्याने नोंदणी नसलेलीच धरतात. विमाही खासगी वर्गात आणि आपल्या नावावर हवा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही.

विकणाऱ्यांनीही ऐका. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी पुढे चार जणांनी घेतलेली असो. "सही करून दिली, माझं काम संपलं" असं म्हणून चालत नाही.

मी दोन गाड्या पाहिल्या. पहिली काळ्या पाटीची, दिसायला देखणी. एजंट म्हणाला, "काका, आत्ता न्या, पासिंगचं नंतर बघू." आंबा घाटात आजारी माणूस बरोबर असताना 'नंतर बघू' वर मी बसणार नव्हतो. ती सोडली. दुसरी जिल्ह्यातल्याच एका टॅक्सीवाल्याची, पिवळ्या पाटीची, १,४०,००० फिरलेली. प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख त्याने वहीत लिहिलेली. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला अर्धा दिवस दाखवली. क्लच आणि पुढचे शॉकअप बदलावे लागतील म्हणाला, तो खर्च किमतीतून वजा केला. पुढे विकताना भाव कमी येणार, तोही घेतानाच धरला. थोडा इसार दिला, आणि पांढरी पाटी लागून आरसी माझ्या नावावर झाल्यावरच बाकीचे पैसे.

खाली गाडी लागली तेव्हा एक-दोघे म्हणाले, "टॅक्सी घेतलीत होय?" हो, घेतली. तिने वाचवलेल्या पैशांतून हिची बरीच औषधं आली आहेत.

सर्वांनी अशीच गाडी घ्यावी असं मी म्हणत नाही. रोजचा प्रवास मोठा असेल तर घेऊ नका. मीटर आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळत नसतील तर घेऊ नका. विकणारा कागदांसाठी थांबायला तयार नसेल तर अजिबात घेऊ नका. या तिन्हींतून गाडी पार पडली, तर केवळ भाड्याने फिरली म्हणून तिला नाकारू नका.

कुणाला गाडी बघायला बरोबर माणूस हवा असेल तर रविवारी सकाळी मला हाक मारा. चहा मात्र विकणाऱ्याकडे घेऊ नका, भिडेखातर व्यवहार होतात!