प्रतिस्पर्ध्याविना स्पर्धा : महासाथीच्या काळातील प्राथमिक शाळांचे खेळ

ज्या सामन्यात हारजीत होते, पण त्या हारजितीवर पुढच्या फेरीतला प्रवेश किंवा करंडक अवलंबून नसतो, अशा सामन्याला स्नेहस्पर्धा म्हणतात. आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या खेळात तिचे स्थान मोलाचे आहे, कारण हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच मुलांशी पुन्हा कसे खेळायचे, हे शिकण्याची या वयात दुसरी जागा नसते. कोविडच्या निर्बंधांनी प्राथमिक शाळेतील इतर गोष्टींबरोबर ही जागाही बंद केली. अभ्यासाच्या नुकसानीची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. खेळाच्या नुकसानीचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला.

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या अखेरीस अनेक जिल्ह्यांत उघडले, दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांना सर्वसाधारणपणे डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि ओमायक्रॉनच्या लाटेमुळे जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या शाळेला पुन्हा कुलूप लागले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल शाळेच्या पटांगणावर प्रथम उतरले, तेव्हा त्याचे दुसरीचे निम्मे वर्ष सरले होते. याचा अर्थ असा की, ज्यांना पटांगणाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ते सर्वांत उशिरा मिळाले.

या उशिरामागे आरोग्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. तथापि व्यवस्थेतील एक जुनी उणीवही त्याच वेळी उघडी पडली. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण व खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे, पण शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पट शंभरच्या वर असेल तेव्हाच आहे. पहिली ते पाचवीत वर्गशिक्षकच खेळाचा शिक्षक असतो. त्यामुळे ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या घोषवाक्याखाली भाषा आणि गणिताचे पाठ मोबाइलवरून घरोघरी पोहोचवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा खेळाचा तास घरी पोहोचवण्यासाठी वेगळा माणूसच नव्हता.

शिवाय या शाळांतून जे खेळ खेळले जातात, त्यांचा सारा जीव जवळिकीत आहे. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो, आणि तो बसलेल्या गड्याला मागून हाताने स्पर्श करून मोठ्याने ‘खो’ देतो. तो मिळाल्यावाचून बसलेल्याने उठायचे नसते. कबड्डीत चढाई करणारा एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरतो, तर त्याला धरणारे हातात हात घालून साखळी करतात. स्पर्श, मोठ्याने उच्चार, छातीतून बाहेर पडणारा श्वास, या ज्या गोष्टींपासून विषाणूमुळे दूर राहणे भाग होते, त्याच या खेळांची साधने आहेत. सहा फुटांचे अंतर राखून लंगडीसुद्धा खेळता येत नाही, कारण गडी बाद होतो तो हात लागल्यानेच. म्हणून निर्बंध आले तेव्हा खो-खो किंवा कबड्डी सौम्य करून खेळण्याची वाट शिल्लक नव्हती. ते थांबवावेच लागले. केंद्रशाळेच्या पटांगणावर आजूबाजूच्या गावांतील शाळांचे संघ जमून ज्या केंद्रस्तरीय स्पर्धा होतात, त्याही अर्थातच थांबल्या.

इंग्लंडमध्ये निराळा मार्ग काढला गेला. तेथे सप्टेंबर २०२० मध्ये सर्व वर्ग उघडले तेव्हा मुलांचे ‘बबल’ करण्यात आले. बबल म्हणजे दिवसभर एकत्र राहणारा आणि इतरांत न मिसळणारा ठरलेला गट. खेळ त्या गटातच, शक्यतो उघड्यावर घ्यावेत, अंगाला अंग भिडणारे खेळ टाळावेत आणि एका गटाने वापरलेले साहित्य पुसल्यावाचून दुसऱ्याला देऊ नये, असे धोरण होते. आंतरशालेय सामन्यांची जागा आभासी स्पर्धांनी घेतली: प्रत्येक शाळेने आपल्याच मैदानावर जागच्या जागी लांब उडी, ठरावीक सेकंदांत अडथळ्यावरून दोन्ही पायांनी मारलेल्या उड्या अशा सोप्या गोष्टी मोजायच्या आणि आकडे संयोजकांकडे पाठवायचे. भारतातही ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फिट इंडिया फ्रीडम रन’चे सूत्र असेच होते, ज्याने त्याने सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी धावावे.

अशा स्पर्धांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. आंतरशालेय सामन्यासाठी शाळा निवडक मुले पाठवते आणि उरलेली काठावर बसून टाळ्या वाजवतात. आकडे जमवण्याच्या पद्धतीत मात्र साऱ्या वर्गाची बेरीज धरता येते, आणि एरवी ज्याला कोणीच आपल्या बाजूला घेत नाही त्या मुलाच्या चार उड्याही शाळेच्या खात्यात जमा होतात. कालच्या स्वतःपेक्षा आज दोन बोटे लांब उडी मारण्याचा आनंद खरा असतो. ही जमेची बाजू साथ ओसरल्यावरही टाकून देण्याजोगी नव्हती.

परंतु आकडा हा प्रतिस्पर्धी नव्हे. खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणारा गडी पाटी ओलांडून गेला की नाही यावर दोन बाजूंची मुले हमरीतुमरीवर येतात, शिक्षक लांब असला तर आपापसांत तोड काढतात, आणि ती तोड पटली नाही तरी डाव पुढे चालू ठेवतात. समोरच्या मुलीचा गुडघा फुटला तर दोन्ही बाजू थांबतात. पळणाऱ्याने हुलकावणी दिली म्हणजे फसलेल्यालाही हसू फुटते. या तिन्ही प्रसंगांत समोर माणूस आहे, त्याची चाल आधी ठाऊक नाही, आणि त्याच्याशी वैर नसूनही त्याला हरवायचे आहे. दुसऱ्या गावाहून संदेशाने आलेली बेरीज पाहून ही जाण येत नाही. मोबाइलसमोर एकट्याने केलेल्या व्यायामाने शरीर हलते आणि तेही आवश्यकच आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षे वयोगटाला दररोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल हवी. मात्र स्नेह आणि स्पर्धा ही जोडी त्या साठ मिनिटांत आपोआप येत नाही.

पुन्हा कधी शाळा बंद ठेवण्याची वेळ आली, तर पटांगणाचा विचार वर्गखोलीच्या आधी व्हावयास हवा, कारण मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी असतो हे आता प्रस्थापित झाले आहे. एकाच वाडीतली, तशीही दिवसभर एकत्र वावरणारी आठ-दहा मुले हा नैसर्गिक बबलच होय. त्यांना शिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा पटांगणावर आणणे, लगोरीसारख्या खेळात बाद करण्यासाठी हाताऐवजी चेंडू वापरला जातो म्हणून त्याला अग्रक्रम देणे, आणि शेजारच्या वाडीशी गाठ घालावयाची झाल्यास दोन्ही गटांना मैदानाच्या दोन टोकांना ठेवून नेमबाजीचा किंवा टप्प्याटप्प्याच्या शर्यतीचा सामना एकमेकांना दिसेल असा घेणे, एवढे कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी लागतो तो चेंडू, फक्की आणि वर्गशिक्षकाला खेळासाठी मोकळा ठेवलेला वेळ. आणि हा वेळ शिक्षकाने आपल्या मर्जीने काढावा असे न म्हणता तो शासनाच्या आदेशातच भाषा व गणिताच्या तासांशेजारी लिहून द्यावा लागेल.