बर्फावरच्या खेळाडूंनी केलेला अर्ज

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आज हवामान बदलावर बोलायचं ठरलं आहे. अवकाळीचं आणि गारपिटीचं मी तुम्हाला काय सांगणार? ते तुम्ही शिवारात बघताच. म्हणून आज जरा लांबच्या लोकांची गोष्ट सांगते. ज्यांचं पोट बर्फावर आहे, अशा खेळाडूंची.

थंड देशांत स्कीइंग नावाचा खेळ असतो. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. आपल्याला जसा पाऊस, तसा त्यांना बर्फ. पण तो आता वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. २०२२ मध्ये बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक झालं, तिथे जवळजवळ सगळा बर्फ यंत्राने केलेला होता. यंत्र पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतं आणि ते गोठतात. त्याला पाणी लागतं, वीज लागते, आणि हवा गरम असली तर तेही जमत नाही. आपल्या काश्मीरात गुलमर्गला २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नव्हता. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

मग खेळाडूंनी काय केलं?

अमेरिकेचा जेरेमी जोन्स हा फळीवर उभा राहून बर्फावरून घसरणारा खेळाडू. हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर उतरायचं आणि खाली यायचं, असं त्याचं काम चाले. त्याने ते हेलिकॉप्टर सोडलं आणि पायी डोंगर चढायला लागला. पण एकट्याने सोडून भागणार नाही, हेही त्याला कळत होतं. म्हणून २००७ मध्येच त्याने एक संस्था काढली होती. नाव ‘प्रोटेक्ट अवर विंटर्स’, म्हणजे ‘आपला हिवाळा वाचवा’. जेसी डिगिन्स ही २०१८ ची ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती याच संस्थेबरोबर काम करते. कायदे करणाऱ्यांना भेटते, बर्फाचं काय होतंय ते सांगते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. ऑस्ट्रियाचा ज्युलियन श्युटर या स्कीपटूने २०२३ च्या फेब्रुवारीत खेळाच्या जागतिक महासंघाला पत्र लिहिलं. त्यावर शेकडो खेळाडूंनी सह्या केल्या. मिकेला शिफरिनसारखी नामवंत खेळाडूही त्यात होती. मागण्या अगदी साध्या होत्या. ऑक्टोबरमध्ये बर्फ नसतो, तर हंगाम उशिरा सुरू करा. स्पर्धा अशा लावा की उगाच इकडून तिकडे विमानाने फिरावं लागणार नाही.

लोक त्यांना म्हणतात, तुम्ही स्वतः विमानाने फिरता आणि आम्हाला शिकवता? प्रश्न बरोबर आहे. पण स्पर्धा कुठे आणि कधी घ्यायची, हे एकटा खेळाडू ठरवत नाही, महासंघ ठरवतो. म्हणून तर अर्ज महासंघाकडे केला.

मागितलं ते सगळं मिळालं का? नाही. सोल्डनची शर्यत त्यानंतरही ऑक्टोबरमध्येच होते. पण ‘आमचं म्हणणं कुणी मांडलंच नाही’ असं आता म्हणता येणार नाही.

भगिनींनो, ज्या बाईने विमान फक्त आभाळात पाहिलं, तिच्यावर या बदलाचा दोष टाकणं अन्यायाचं आहे. धूर जास्त केला दुसऱ्यांनी. पण पीक आपलं जातं, हंडा आपल्याला लांबून आणावा लागतो. म्हणून मागण्याचा पहिला हक्कही आपलाच आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, ‘माझ्या हातात काय’. परसबाग, कमी धुराची चूल, सांडपाण्याचा शोषखड्डा, बियाणं राखून ठेवणं. दुसऱ्यात लिहा, ‘सगळ्यांनी मिळून काय मागायचं’. बंधाऱ्याचा गाळ काढणं, गावातली झाडं, रोजगार हमीतून पाणलोटाची कामं. पहिला रकाना घरी न्या. दुसऱ्या रकान्याचा ठराव करा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ग्रामसभेत मांडा. पोच घ्यायला विसरू नका.

शेकडो खेळाडूंनी सह्या केल्या तेव्हा जगाने दखल घेतली. आपल्या प्रभागात गट किती आणि बाया किती, ते तुम्हीच मोजा.