की-बोर्डाची लय आणि आपला दम
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही मंडळात की-बोर्ड वाजवता, तर त्याविषयीच चार शब्द बोला. भाषण करावयाची मला सवय नाही. हे वाद्यही मी चाळिशी उलटल्यावर हाती घेतले. तेव्हा जे चुकत चुकत शिकले तेवढेच सांगते.

मागच्या वर्धापनदिनी गवळणीच्या वेळी काय झाले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पहिले कडवे कसेबसे पार पडले, दुसऱ्यात मावशी मागे पडल्या, आणि तिसऱ्याला त्यांनी हात जोडून गाणेच थांबविले. खाली बसताना "आता माझे वय झाले" एवढेच म्हणाल्या. पुढे चार महिने त्या भजनाला आल्या नाहीत. पण भगिनींनो, दोष त्यांच्या वयाचा नव्हता, माझा होता.

तबला वाजविणारा माणूस गाणारणीच्या तोंडाकडे पाहत असतो. तिने शब्द लांबविला, श्वास घेतला, की त्याचा हात आपोआप रेंगाळतो. की-बोर्डातल्या तबल्याला डोळे नाहीत. त्याला एकदा आकडा सांगितला की तो त्याच चालीने जाणार, मग मागे कोणी राहो की पडो.

हा आकडा जिथे लावतात त्या बटणावर 'टेम्पो' असे लिहिलेले असते. टेम्पो म्हटले की आपल्याला रुखवताचे सामान वाहणारी गाडी आठवते! पण इथे टेम्पो म्हणजे लय. एका मिनिटात किती ठोके पडावयाचे, तो हा आकडा. ६० लावले तर सेकंदाला एक ठोका, १२० लावले तर दोन. माझ्या की-बोर्डात ११ पासून २८० पर्यंत जाता येते. आपल्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यात चार ठोक्यांत बसविल्या आहेत, म्हणजे एका ठोक्याला दोन मात्रा. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून संथ की जलद हे ठरवू नये, कानाने ठरवावे.

आता माझी चूक. घरी मी गवळणीसाठी ७६ लावून पाहिले होते. कार्यक्रमात आधी प्रार्थना होती, तिच्यासाठी दादरा लावला. मग गवळणीसाठी पुन्हा भजनी ठेका घेतला. साथ थांबलेली असताना ठेका बदलला की हे यंत्र आपण लावलेला आकडा सोडून देते आणि त्या ठेक्याचा मूळचा आकडा धरते. तो होता १०४. मी पाहिलेच नाही. तीन सेकंदांहून थोडे अधिक चालावयाचे आवर्तन सव्वादोन सेकंदांत उरकू लागले. पाऊण सेकंद म्हणजे काय, असे वाटेल. पण दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यावयाला तेवढीच तर जागा असते.

पुढे मी मावशींच्या घरी की-बोर्ड घेऊन गेले, आणि शहाणपणा करून आकडा ५८ वर आणला. म्हटले, आता सावकाश गा. तर तेही जमेना! ओळ इतकी लांबली की मध्येच दम संपू लागला. त्या हसून म्हणाल्या, "अगं, पळवत होतीस ते परवडलं." संथ म्हणजे सोपे, हा माझा समज तिथे गेला.

मग यंत्र बंद ठेवून त्यांना म्हटले, तुम्ही ओट्याशी काम करताना म्हणता तशी म्हणा. त्या म्हणू लागल्यावर मी टाळीच्या जागी टेम्पोच्याच बटणावर बोट टिचकावले. चार वेळा टिचकावले की आपल्या बोटाची लय यंत्र उचलते आणि ठेका त्याच चालीने सुरू होतो. तीन ठोक्यांचा ताल असेल तर तीनदा टिचकावावे. साथ चालू असताना दोनदा पुरते. आकडा आला ७१. घरी बसून मला तो कधीच सुचला नसता. भजनाच्या वहीत गवळणीच्या डोक्यावर तो लिहून ठेवला आहे. आता प्रत्येक गाण्यापुढे असा आकडा आहे, आणि ठेका बदलला की आधी आकडा पाहावयाचा, मग बटण दाबावयाचे. ठेका आणि आकडा दोन्ही एका बटणात साठविण्याचीही सोय असते, तीही मी आता वापरते. पण भरवसा माझा वहीवरच.

शेवटच्या गजराला मात्र लय चढवावी लागते. ती एकदम दहाने चढविली तर सगळ्या दचकतात, टाळा विस्कटतात. मी दोन-दोनने वाढविते, आणि तेही ओळ संपताना. डाव्या हाताचा स्वरमेळ सोडला तरी साथ चालू राहते, म्हणून बटणासाठी तो हात मोकळा मिळतो. समोरच्या दोघी-तिघींचे ओठ मागे पडताना दिसले की वाढविणे तिथेच थांबविते.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. यापुढे गवळणच आहे. मावशी, तुम्ही या पुढे. आधी दोन ओळी नुसत्याच म्हणा, मी टिचकावते. आज गुडघा दुखतो आहे म्हणालात, तर वहीतले ७१ राहू द्या बाजूला.